जुळलं नाही

"आजवर रक्त कुणाकुणाचं दिलंय?" डॉक्टर हेबळेंनी विचारलं.

हा प्रश्न आला की मला बरं वाटायचं. गेल्या आठ महिन्यांत आमच्या हातून एवढी एकच गोष्ट नीट झाली आहे, असं मी धरून चालले होते. मी खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "होता होईल तेवढं घरचंच दिलंय, मॅडम. अगदी नाइलाज झाला तेव्हाच बाहेरचं घेतलं."

"घरचं म्हणजे कुणाचं?"

"माझं," आईच्या खुर्चीमागे उभा असलेला उद्धवमामा म्हणाला. "पाच बाटल्या. अजून लागल्या तर अजून देतो."

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. साठीच्या आसपासच्या, बारीक अंगाच्या, आखूड केसांच्या बाई. इतका वेळ त्या आमचे जुने कागद उलटत भराभर लिहून घेत होत्या. त्यांचा हात थांबला.

"आठ महिन्यांत पाच वेळा?"

मामा ओशाळून हसला. "तीन महिन्यांचा नियम हाय, ते म्हाईत हाय मॅडम. पण एक रक्तपेढी परभणीत हाय आन् एक नांदेडला. इथलं तिथं कोण सांगतंय?"

बाई हसल्या नाहीत. पेनाला टोपण लावून त्यांनी ते कागदावर आडवं ठेवलं आणि आईला विचारलं, "सख्खी भावंडं किती तुम्हाला?"

"हा एकटाच," आई म्हणाली. "माझ्या पाठचा."

"ठीक आहे. यांची आणि मुलीची तपासणी करू. मॅरो, म्हणजे हाडातला मगज, जुळतोय का ते बघायचं; जुळला तर तो तुमच्या अंगात घालता येतो. रिपोर्टला दहा दिवस लागतील, तोवर तुम्ही इथेच ॲडमिट राहा. आणि एक लक्षात ठेवा. मधे रक्त लागलं तर ते आमच्या रक्तपेढीतून येईल. घरच्या कुणाचंही द्यायचं नाही. कळलं?"

"कळलं," मी म्हणाले. मला काहीही कळलं नव्हतं.

ही गोष्ट तेरा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा वीस वर्षांची होते, परभणीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. आई जिंतूर आगारात कंडक्टर होती. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. मी दहावीत असताना ते गेले आणि त्यांच्या जागी अनुकंपेवर आईला ही नोकरी मिळाली. सुरुवातीला खेड्यातल्या बायका तिला बघायला गाडीत चढायच्या. प्रयागबाई तिकीट फाडते, हे त्यांना खरं वाटायचं नाही. वर्षभरात आईने सगळी गाडी मुठीत घेतली. "मागं सरका, मागं काय तुमचं घर जळतंय का?" म्हणून ती ओरडली की दांडगे गडीही मुकाट्याने मागे सरकत.

तिच्या दंडांवर निळे-काळे डाग दिसायला लागले तेव्हा आम्हाला त्यात विशेष काही वाटलं नाही. गर्दीत सीटच्या दांड्या लागतातच. मग दात घासताना रक्त यायला लागलं. मग एक दिवस येलदरीच्या फेरीत ती गाडीतच खाली बसली आणि उठेना.

परभणीचे आमचे डॉक्टर सोनपेठकर चांगले होते. रात्री-अपरात्री दार उघडणारे, सलाइन लावून स्वतः शेजारी बसणारे. त्यांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाची इंजेक्शनं दिली. तीन आठवडे आईला बरं वाटलं की पुन्हा पांढरीफटक. मग रक्त चढवायचं ठरलं. त्याच सुमारास मी पेपरात वाचलं होतं, की कुठेतरी एका बाईला रक्तपेढीतल्या बाटलीतून एड्स झाला. मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये जाऊन हटूनच बसले. बाहेरचं रक्त आईला द्यायचं नाही. माझा गट जुळत नव्हता, मामाचा जुळत होता. मी जिंतूरला फोन केला आणि मामा त्याच दुपारी, खांबावर चढायच्या कपड्यांतच, येऊन हजर झाला. तो वीज मंडळात लाइनमन होता.

"कांचन, तू शिकलेली पोर आहेस म्हणून बरं आहे," डॉक्टर सोनपेठकर मला म्हणाले होते. "घरचं रक्त कधीही चांगलंच."

सातव्या महिन्यात आईच्या नाकातून रक्त सुरू झालं ते दीड दिवस थांबेना. आम्ही तिला औरंगाबादला नेलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरने तिच्या कमरेच्या हाडातून सुईने थेंबभर मगज काढून तपासला. चार दिवसांनी मला बोलावून म्हणाला, "याला अप्लास्टिक ॲनिमिया म्हणतात. हाडांच्या आत रक्त तयार होण्याची जागा असते. तुमच्या आईची ती जागा जवळपास रिकामी आहे. लोहाचा, खाण्यापिण्याचा काही संबंध नाही."

"मग औषध काय?"

त्याने जरा विचार केला. "हे बघा, मी आजवर असे दोन पेशंट पाहिलेत. मी औषध लिहून देऊ शकतो, पण देणार नाही. ज्यांनी असे शंभर पेशंट पाहिलेत त्यांच्याकडे जा." आणि त्याने चिठ्ठीवर पुण्याच्या डॉक्टर हेबळेंचं नाव लिहून दिलं. वेळ मिळायला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत मामाने पाचवी बाटली दिली.

दवाखान्यातले ते दहा दिवस मला चांगले आठवतात, कारण त्या दिवसांत आम्हाला आशा होती. आई वॉर्डातही कंडक्टरच होती. कोण कुठल्या गावचा, कुठल्या गाडीने आला, कुठे गाडी बदलली, सगळं तिने दुसऱ्याच दिवशी काढून घेतलं. शेजारच्या खाटेवर बार्शीची एक पोर होती. तिच्या आईला ती सांगे, "तुम्ही उगं स्वारगेटला जाता बाई, तुमची गाडी शिवाजीनगरहून सुटती." तोंडात फोड आले होते, चमचाभर वरणभात गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं, पण बोलणं सुरूच.

मामा आणि मी आवारातल्या नातेवाइकांच्या शेडमध्ये राहत होतो. मामा पहिल्यापासून माणसांत मिसळणारा. दोन दिवसांत त्याने शेडमधला बंद पडलेला पंखा खोलून चालू केला आणि सगळ्यांचा भाऊ झाला. सहाव्या-सातव्या दिवसापासून मात्र तो गप्प गप्प राहायला लागला. जेवणाचा डबा अर्धा ठेवून उठायचा आणि फाटकाबाहेरच्या रस्त्यावर एकटाच फेऱ्या मारायचा. आक्काच्या काळजीने त्याला जेवण जात नाही असं मला वाटे. माझ्या मनात त्याच्याबद्दल फार माया दाटून यायची. असा भाऊ कुणाला मिळतो, असं मी शेडमधल्या बायकांना सांगायचे.

अकराव्या दिवशी सकाळी अकरा वाजता डॉक्टरबाईंनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. आईला चाकांच्या खुर्चीतून नेलं. आम्ही तिघं आत गेलो. बाईंच्या समोर रिपोर्टचं पाकीट फोडून ठेवलेलं होतं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मामाकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि काही बोलण्याआधीच आई म्हणाली, "उद्धव, माझ्या रजेच्या कागदाची झेरॉक्स काढून आण बरं. आज डेपोत पाठवायचीय."

"आत्ता? मॅडम काय म्हणतेत ते ऐकून जातो की."

"मॅडम कुठं पळून चालल्यात का? टपाल बाराला जातंय. जा."

मामा गेला. दार लागलं. आई म्हणाली, "हां, सांगा आता. त्या दिवशी तुम्ही पेन खाली ठिवलं तवाच मला कळलं, काहीतरी हाय म्हणून."

डॉक्टरबाईंनी पाकीट बाजूला सारलं. "मुलीचा नाही, पण भावाचा मॅरो जुळतोय," त्या म्हणाल्या. "पूर्ण जुळतोय. चार भावंडांत एखाद्याचा असा जुळतो. तुमचा एकुलता भाऊ आणि त्याचाच जुळला."

मी हात जोडले. मला वाटलं, संपलं सगळं. जिंकलो आपण.

"थांब," त्या मला म्हणाल्या. "पुढचंही ऐक. या आजारात पेशंटला घरच्यांचं रक्त द्यायचं नसतं. विशेषतः ज्याचा मॅरो पुढे घ्यावा लागेल त्याचं तर कधीच नाही. रक्त लागलंच तर अनोळखी माणसाचं, तेही गाळून, त्यावर किरण सोडून मग द्यायचं. ज्याने असे पेशंट सांभाळलेत त्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं."

"कामून द्यायचं नसतं?" आईने विचारलं.

"शरीर ओळख धरून ठेवतं. तुमच्या अंगात भावाचं रक्त पाच वेळा गेलंय. प्रत्येक वेळी शरीराने त्याला परकं म्हणून ओळखून ठेवलं असणार. आता त्याचाच मॅरो आत घातला तर शरीर तो झिडकारून टाकण्याची शक्यता पुष्कळ वाढते. पहिल्या महिन्यात आला असतात, तर मी शंभरातल्या सत्तर जणी बऱ्या होतात असं सांगितलं असतं. आज मी तीस म्हणेन. आणि छातीत जंतुसंसर्ग आहे तो वेगळाच."

"आन् नाही लागला तर?"

"तर थोडेच आठवडे."

आईने मान हलवली. गाडी किती उशिरा सुटणार आहे हे तिला कुणी सांगितलं असतं, तर तिने अशीच मान हलवली असती. "दुसरं काही?"

"दुसरं औषध. पाच दिवस सलाइनमधून देतात, मग गोळ्या. चार महिने वाट बघायची. निम्म्या लोकांना लागू पडतं. तुमच्या बाबतीत निम्म्याहून कमी धरा. संसर्ग वाढला तर औषधाला वेळच मिळणार नाही."

"म्हणजे दोन्हीकडं सारखंच."

"जवळजवळ सारखंच. पण मॅरो लागला तर तुम्ही पूर्ण बऱ्या व्हाल. मला विचाराल तर मी तिकडे झुकते. थोडीशीच, पण झुकते."

"औषध द्या," आई म्हणाली.

मी आईच्या खुर्चीपाशी खालीच बसले. "आई, असं काय करतेस? मॅडम काय म्हणतायत ते ऐकलं ना? पूर्ण जुळतोय."

"ऐकलं."

"मग?"

"त्याचा मगज घातला आन् नाही लागला, तर उद्धव काय करील?"

"मामा काय करेल याचा विचार आत्ता करायचा असतो का?"

"मग कवा करू?" आई म्हणाली. "मी गेल्यावर?"

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पीं-पीं आवाज येत राहिला. आई म्हणाली, "मॅडम, त्याला जुळलं हे सांगायचं नाही. जुळलं नाही म्हणायचं. उगं जुळलं म्हणलं, तर तो हट्ट धरील. मला बांधून झोपवील इथं. आन् मग नाही लागलं, तर माझ्याच रक्तानं मारली म्हणून जन्मभर कपाळ बडवीत बसंल. त्याला दोन लहान पोरी हायत. खांबावर चढायचं काम हाय त्याचं. डोकं ठिकाणावर लागतं."

"मी पेशंटच्या माणसांना खोटं सांगत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि तपासणी त्यांचीही आहे. त्यांनी मला विचारलं तर मी खरंच सांगेन."

"तुम्ही नका सांगू. मी सांगते. तुम्ही नुसतं गप ऱ्हावा. विचारायची पाळी मी त्याच्यावर येऊ देत नाही."

"प्रयागबाई, तुम्ही नीट विचार करा. एक दिवस घ्या."

"दिवस घेऊन काय करू? मगजाचे तीस आन् औषधाचेबी तीसच धरा. उद्या काय एकतीस होणार हायत?"

मी रडायला लागले होते. खरं म्हणजे मला त्या क्षणी ओरडून सांगायचं होतं, की रक्त मामाने दिलं, पण मागितलं मी. हटून बसले ती मी. पेपर वाचला तोही मीच. पण तेवढ्यात दार ढकलून मामा आत आला. त्याच्या हातात झेरॉक्सचे कागद होते आणि कपाळावर घाम. धावत गेला असावा आणि धावत आला असावा. माझं रडणं पाहून तो दारातच थबकला.

"काय म्हणल्या मॅडम?"

"जुळलं नाही, उद्धव," आई म्हणाली.

त्याने डॉक्टरबाईंकडे पाहिलं. त्या खाली वाकून टेबलाच्या खणात काहीतरी शोधत होत्या.

"अजिबातच नाही का थोडं..."

"थोडं चालत नसतं. आता औषध देणार हायत. चांगलं औषध हाय."

मामाने रिकाम्या खुर्चीची पाठ धरली. मग तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि रुमालाने चेहरा पुसायला लागला. कपाळ पुसलं, डोळे पुसले, मान पुसली. त्याचे खांदे खाली आले. ते बघून मला आणखीच हुंदके फुटले. आईच्या डोळ्यांत मात्र टिपूस नव्हतं. ती खुर्चीत तिरकी होऊन त्याच्याकडेच बघत होती. त्याने वळून तोंड दाखवीपर्यंत ती बघत राहिली आणि वळल्यावरही बराच वेळ तिने नजर काढली नाही.

मग ती म्हणाली, "चला. जेवून घेऊ. मला भूक लागलीय."

कित्येक महिन्यांत भूक हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नव्हता. त्या दिवशी वॉर्डातलं जेवण तिने नीट बसून खाल्लं. फोडांमुळे पोळी दुधात कुस्करून घेतली आणि वाटी निपटून पुसली. मामाही जेवला. वाढणाऱ्या बाईकडे त्याने आणखी भात मागून घेतला. मीच तेवढी ताटासमोर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा औषध आणायला गेला होता तेव्हा मी आईचे पाय चेपत बसले होते. मी म्हणाले, "आई, रक्ताचं मीच काढलं होतं. डॉक्टर बाहेरचं घ्यायला तयार होते."

"तू काढलंस, पण हाताला सुई कुणाच्या लागली? माझ्या. मलाच नको होतं बाहेरचं रक्त. मी तुझ्या आधी डॉक्टरला सांगून ठिवलं होतं."

"कधी?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुला काय सगळंच सांगत बसू का?"

ते खरं होतं की नाही, मला कधीच कळलं नाही. डॉक्टर सोनपेठकरांना विचारायचं मी अनेकदा ठरवलं आणि एकदाही विचारलं नाही.

औषध पाच दिवस दिलं. दुसऱ्या दिवशी तिला थंडी वाजून इतका ताप भरला, की खाट हलायची. तिसऱ्या आठवड्यात आम्ही जिंतूरला परतलो. दर दहा दिवसांनी रक्त तपासायचं आणि पुण्याला फोनवर आकडे कळवायचे. डॉक्टरबाई स्वतः फोनवर येत. आकडे ऐकून म्हणत, "थांबू अजून. वेळ लागतो." एकदा आकडे जरासे वर आले. मामाने त्या दिवशी पेढे आणले आणि आईने एक अख्खा पेढा खाल्ला. पुढच्या वेळी आकडे होते तिथे खाली गेले. चौथा महिना लागला तेव्हा छातीतला संसर्ग वाढला आणि फेब्रुवारीतल्या एका सकाळी, परभणीच्या सरकारी दवाखान्यात, आई गेली. डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी शेवटचे आकडे विचारून लिहून घेतले. मग म्हणाल्या, "मामा कसे आहेत?" मी म्हणाले, "रडतायत." "त्यांनी कधी काही विचारलं नाही ना?" "नाही." "बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आमच्या घरात नोकऱ्या अशाच आल्या. बाबा गेल्यावर आईला, आई गेल्यावर मला. मी बी.एस्सी. अर्धवट टाकून जिंतूर आगारात क्लार्क म्हणून लागले. अजून तिथेच आहे.

तेराव्याला जमलेल्या बायका माझ्या देखत बोलत होत्या, "सख्खा पाठचा भाऊ, आन् जुळलं नाही. काय म्हणावं?" मामा तिथेच पंगतीत वाढत होता. तेव्हापासून हे वाक्य त्याच्या मागेच लागलं. कुणी मुद्दाम बोलत नसे, पण लग्नकार्यात आईचा विषय निघाला की ते निघायचं. मामा खाली मान घालून बसायचा. आईच्या वर्षश्राद्धाला त्याने गावच्या शाळेत रक्तदान शिबिर घ्यायला सुरुवात केली. सगळ्यात पहिली बाटली त्याची असायची. बॅनरवर आईचा एसटीच्या खाकी गणवेशातला फोटो.

आईने केलेला विचार उलटा पडला होता, हे मला हळूहळू दिसत गेलं. माझ्याच रक्ताने मारली, असं त्याला वाटू नये म्हणून ती खोटं बोलली. आणि आता आपण बहिणीच्या काही उपयोगाचे ठरलो नाही, असं वाटून तो झिजत होता. बारा वर्षं मी हे बघितलं. तेराव्या वर्षी मनाशी पक्कं केलं, की शिबिराच्या दिवशी त्याला एकटं गाठायचं आणि सांगायचं. जुळलं होतं, मामा. पूर्ण जुळलं होतं. पुढचं रक्ताचं काय ते सांगायचं नाही. एवढं तरी त्याला मिळू दे.

दुपारी जेवणं झाल्यावर रक्तपेढीची माणसं सामान आवरत होती. मामा शाळेच्या व्हरांड्यात, दंडाला कापूस लावून, भिंतीला टेकून बसला होता. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. पन्नाशीला आला होता. केस पांढरे झाले होते, हातांवर जुन्या भाजल्याच्या खुणा.

"मामा, तुला एक सांगायचंय," मी म्हणाले.

"मलाबी सांगायचंय," तो म्हणाला. "आधी माझं ऐक. किती वर्षं झाली, तोंडाशी येतंय आन् परत जातंय. थोरलीचं लग्न झालं आता. धाकटीचंबी जमलंय. सांगायला हरकत नाही."

मी थांबले.

"पुण्याला ती शेड होती बघ. तिथं एक माणूस होता, सोलापूरकडचा. त्यानं भावाला मगज दिला होता. तो मला म्हणाला, कमरेच्या हाडात शंभर ठिकाणी सुया घालतेत. म्हणाला, तवापासून मला धड उभं ऱ्हाता येत नाही, गडी म्हणून संपलो मी. खरं का खोटं देव जाणे. पण मी भ्यालो, कांचन. अकरा हजार व्होल्टच्या लाइनवर चढणारा माणूस मी, सुईला भ्यालो. कंबर गेली तर खांबावर कोण चढू देतंय? पोरी एक नऊ वर्षांची, एक सहा वर्षांची. चार दिवस मी त्या रस्त्यानं फिरायचो आन् म्हणायचो, देवा..."

दंडावरचा कापूस काढून त्याने बघितला आणि पुन्हा दाबून धरला.

"देवा, जुळू नको देऊ, असं म्हणायचो. आन् झेरॉक्स घेऊन आत आलो, तर आक्का म्हणाली, जुळलं नाही. मला काय वाटलं सांगू तुला? मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. तोंड लपवायला भिंतीकडं वळलो मी. त्या दिवशी मी पोटभर जेवलो. आठवतंय तुला?"

"नाही," मी म्हणाले.

"माझी बहीण मरायला लागली होती आन् मी भात मागून घेतला."

शाळेच्या मैदानात मांडव काढायचं काम सुरू होतं. मी तिकडे बघत होते. माझं वाक्य माझ्याजवळ तयारच होतं, तीन शब्दांचं. ते आता मला त्याच्यापुढे ठेवता येत नव्हतं. जुळलं होतं, एवढं सांगितलं असतं, तरी त्याचं मागणं देवाने ऐकलं नव्हतं हे त्याला कळलं असतं. आणि मग ते कुणी ऐकलं, हेही कळलं असतं.

"तू काय सांगत होतीस?" मामाने विचारलं.

"माझं काही नाही. धाकटीच्या लग्नाला मी चार दिवस आधी येईन, एवढंच."

"ये की. ते काय सांगायला पायजे?" तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "कांचन, आक्काला दिसलं असंल का गं? माझ्या तोंडावर?"

"नाही मामा," मी म्हणाले. "तिचं लक्षच नव्हतं. ती रडत होती."

"रडत होती?"

"हो. पदर तोंडावर घेऊन."

"मग नसंल दिसलं," मामा म्हणाला.

रक्तपेढीचा माणूस प्रमाणपत्रांचा गठ्ठा घेऊन आला. नावं घालायची राहिली होती आणि त्याला परभणी गाठायची होती. मामाने तो गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "हिचं अक्षर चांगलं हाय," तो त्याला म्हणाला. "हिच्याकडून घ्या लिहून." मी पर्समधून पेन काढलं. तो एकेक नाव वाचत गेला आणि मी लिहीत गेले. पहिलं मामाचंच होतं.